कापसामागोमाग मुंबईत दोन दिवस

कुडाळला धाकट्या बहिणीच्या लेकाचं बारसं होतं. अमरावतीकडून कोकणात थेट जायची सोय नीट जुळेना, म्हणून बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून दुसऱ्या दिवशी रात्री कोकणकन्या, असं ठरलं. शनिवारी उजाडताना उतरायचं आणि रविवारी रात्री अकराला पुढची गाडी. मधले दोन दिवस बाबांना घेऊन काय करायचं, म्हणून मी भाचरांना विचारून मोठी यादी केली होती. मत्स्यालय, सिद्धिविनायक, हाजी अली, नेहरू तारांगण, जुहू.

बाबांनी ती यादी वाचली आणि घडी करून परत दिली. म्हणाले, "मले आपला कापूस जाते कुठी, ते पाह्याचं हाये."

बाबा बहात्तर वर्षांचे. कारंज्याजवळ आमची सात एकर शेती, आणि त्यातली पाच एकर वर्षानुवर्षं कापसाखाली. लहानपणी त्यांनी शकुंतला गाडीच्या वाघिणींत गाठी भरताना पाहिल्यात. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती अरुंद रुळांची गाडी मुळात वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणायला टाकलेली. मूर्तिजापूरहून गाठी मुंबईला जात. त्यापुढे काय, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी यादी पर्समध्ये टाकली ती परत काढलीच नाही. मुंबईत एखाद-दोन दिवसच हाती असतील तर मीही आता सगळ्यांना हेच सांगते, की आपल्याला जिव्हाळा असलेली एकच गोष्ट धरा आणि तिच्यामागे फिरा. मग शहर आपोआप दिसत जातं.

शनिवार, सकाळ

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो तेव्हा बाबांच्या अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. आमच्याकडे जानेवारीत पहाटे हात गारठतात, इथे नुसती झुळूक होती. नऊ वाजेपर्यंत स्वेटर माझ्या पिशवीत आला.

मोठ्या बॅगा क्लोकरूममध्ये थेट रविवार रात्रीपर्यंत ठेवल्या. बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीटही दाखवावं लागतं, तेव्हा छोटं कुलूप घरूनच आणा. एक गाठोडं मात्र बाबांनी सोडलं नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला घरचा कापूस, दीडेक किलो. नातवाच्या गादीसाठी आईने हाताने सरकी काढून ठेवलेली रुई. "ते माह्याजवळच राहू दे," म्हणाले, आणि दोन दिवस ते खांद्यालाच राहिलं.

स्टेशनची इमारत समोरच्या फुटपाथवरून बघावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केला, काम १८७८ ला सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. मी वाचून दाखवत होते आणि बाबा भिंतीवरची दगडी पानं-फुलं बघत होते. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, पान कुठे सापडतं का, ते शोधत होते म्हणे.

धोबी तलावाला कयानीत चहा आणि बनमस्का घेतला. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, सकाळी लवकर उघडतं. गोल टेबलं, जुन्या लाकडी खुर्च्या. पाव चहात बुडवला की वर लोण्याचे थेंब तरंगतात, बाबांना ते फार आवडलं. शेजारच्या टेबलावर एक पारशी आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी गाठोड्याकडे बघून विचारलं, "काय आहे?" बाबांनी गाठ सोडून दाखवलं. आजोबांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी रुई दाबून पाहिली आणि "सरस, सरस" म्हणाले. मुंबईत पहिली कापडगिरणी काढली ती एका पारशानेच, कावसजी नानाभाई दावर यांनी, १८५४ मध्ये, ताडदेवला. आजोबांना हे सांगायचं माझ्या ध्यानात आलं तोवर ते पैसे देऊन उठले होते.

तिथून चालत महात्मा फुले मंडई, म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. १८६९ ची इमारत. लोक आत फळांकडे वळतात, पण आत शिरण्याआधी दरवाज्यावर मान वर करून बघा. दगडात शेतकरी कोरलेत. ते शिल्प लॉकवुड किपलिंग यांच्या हाताखालचं. माणसांची गर्दी धक्के देत होती आणि बाबा मधोमध उभे. "पाय वं माय, हे आपलेच लोक हायेत." हमालाने "बाजू, बाजू" म्हणत त्यांना हलवलं, तर त्यालाही त्यांनी वर बोट करून दाखवलं. तो रोज त्या दरवाज्याखालून जाणारा माणूस. थांबला, बघितलं, हसला आणि टोपली सावरत गेला.

मंगळदास मार्केट

समोरच मंगळदास मार्केट. रविवारी बंद असतं, त्यामुळे कापड बघायचं तर शनिवारी किंवा त्याआधी. अकराच्या आत गेलात तर दुकानदार बोलायला मोकळे असतात. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना गादीवर बसलेले दुकानदार आणि छतापर्यंत ताग्यांच्या थप्प्या. नव्या कापडाचा तो खळीचा वास बाबांनी नाकभर घेतला.

बाळाच्या दुपट्यासाठी मलमल घ्यायची होती. पहिल्या दुकानात मऊसूत कापड दाखवलं. बाबांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळलं आणि मान हलवली. "यात कापूस कमी हाये." दुकानदार गुजराती, पंचावन्नच्या आसपासचे, मराठी छान बोलणारे. रागावले नाहीत. "काका, तुम्ही बरोबर बोलता, मिक्स आहे," म्हणाले आणि दुसरा तागा काढला. मग त्यांनी आम्हाला जे करून दाखवलं ते सगळ्यांना उपयोगी पडेल. दोन्ही कापडांच्या कडेचा एकेक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. मिक्सचा धागा आक्रसला, वितळल्यासारखा झाला आणि टोकाला मोहरीएवढा कडक काळा मणी उरला. सुती धागा कागदासारखा भुरकन जळला, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटाने चोळताच उडून गेली. बाबांनी ती राख तळहातावर घेतली होती. "आता बरोबर," म्हणाले. तीन मीटर मलमल घेतली. त्या भल्या माणसाने घासाघीस करायची वेळच आणली नाही.

थोडं पुढे काळबादेवी. १२ डिसेंबर १९३० ला इथेच विदेशी कापडाची लॉरी अडवायला बाबू गेनू रस्त्यावर आडवा झाला आणि लॉरी अंगावरून गेली. गिरणीत काम करणारा, पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा शेतकऱ्याचा पोरगा. शाळेत मी हा धडा मुलांना दरवर्षी शिकवते. पण हातगाड्यांनी भरलेला, लॉरीला वळायलाही जागा नसलेला तो भाग बघितल्यावर कळलं, की लॉरी काही वेगात येऊन धडकली नसणार. चालवणाऱ्याला समोरचा माणूस दिसत असणार. ते मनातून जात नाही.

शनिवार, दुपार

सीएसएमटीहून हार्बरची लोकल घेतली. गाडी इथूनच सुटते, दुपारी बसायला जागा मिळते, तिकीट पाच रुपये. हार्बर आणि मध्य रेल्वेवर रविवारी बहुतेक वेळा दुपारचा मेगाब्लॉक असतो, म्हणून हा भाग मी मुद्दाम शनिवारी ठेवला होता. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग पाटी आली: कॉटन ग्रीन.

पाटीखाली बाबांचा फोटो काढला. दोन दिवसांत त्यांनी स्वतःहून मागितलेला हा एकच फोटो.

"हिरवं तं काहीच नाही इथं," ते म्हणाले. ग्रीन म्हणजे इथे मोकळं मैदान. जुन्या मुंबईत कापसाच्या गाठी कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, सेंट थॉमस चर्चपुढच्या मैदानात रचत. तेव्हापासून कापूस उतरायच्या जागेला ते नाव चिकटलं. बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला गेला, पुढे बंदराच्या या भागात आला, आणि नावही त्याच्यासोबत आलं. स्टेशनसमोर कॉटन एक्स्चेंजची जुनी भव्य इमारत आहे. देशभरच्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचं कार्यालय तिथेच. आजूबाजूला बंदराची लांबच लांब गोदामं. शनिवारी दुपारी सामसूम होती. दारावरचा रखवालदार यवतमाळचाच निघाला, दारव्ह्याकडचा! बाबांनी गाव, मग शेजारचं गाव, मग कोण कुणाचा सोयरा, असं करत पाच मिनिटांत नातं काढलं. त्याने आम्हाला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. "यंदा काय भाव लागला?" हा त्याचा पहिला प्रश्न. बाहेरून दहा मिनिटं बघून निघायचं ठरलं होतं, तिथे पाऊण तास बसलो.

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आमचा गेला ७,२०० ने, कारण नोव्हेंबरातल्या पावसाने ओल धरली होती आणि घरात साठवायला जागा नव्हती. हे बाबा त्या माणसाशी बोलले. माझ्याशी इतक्या सविस्तर कधी बोलले नव्हते.

लालबाग

टॅक्सीने काळाचौकीवरून लालबागला. मीटरची टॅक्सी, अगदी थोडं अंतर. उन्हात चालू नका, हा रस्ता गोदामांचा आणि ट्रकांचा आहे. भारतमाता सिनेमाजवळ कोथिंबीर वडी आणि पियुष घेतलं. मसाला गल्लीत डंखांच्या धमधम आवाजात मिरच्या कुटल्या जात होत्या, त्या वासाने दोघंही शिंकत बाहेर आलो.

एका चाळीच्या ओट्यावर पांढरा सदरा-लेंगा घातलेले एक आजोबा बसले होते. बाबांनी पत्ता विचारायच्या निमित्ताने बोलणं काढलं. त्यांनी सरकून जागा केली, "या दादा, बसा." मूळचे पाटण तालुक्यातले. १९७५ ला बदली कामगार म्हणून गिरणीत लागले, मग साचे खात्यात, म्हणजे मागावर, कायम. बाबांनी पिशवीतून तिळगूळ काढून हातावर ठेवला, रथसप्तमी अजून आठ दिवस लांब होती. आणि मग गाठोडं सोडलं.

त्या माणसाने चिमूटभर रुई घेतली. दोन्ही अंगठ्यांची नखं जवळ आणून ती ओढली, अर्धी एका हातात ठेवली, पुन्हा ओढली. असं चार-पाच वेळा. आखूड तंतू गळून गेले आणि बोटांत सरळ विंचरल्यासारखी एक पातळ पट्टी उरली. ती त्यांनी बाबांच्या काळपट मफलरवर आडवी ठेवली. पांढरी शुभ्र रेघ. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "अठ्ठावीस, एकोणतीस मिलिमीटर भरेल. चांगला माल आहे दादा. ही साच्यावर तुटत नाही." तुम्ही तर विणायला होतात, मग हे कुठे शिकलात, मी विचारलं. म्हणाले, ब्लोरूममध्ये, म्हणजे गाठी फोडून कापूस साफ करतात त्या खात्यात, गाववाले होते, जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. गाठ फोडली की कधी आत सुकलेलं पान निघायचं, कधी बोंडाची साल, एकदा तर बाईची फुटकी बांगडी. "काचेची, हिरवी. वेचताना फुटली असंल कुणाची तरी."

बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे वेचणीला आजही बायाच असतात. सीतादईला दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणी सुरू करतो, तेव्हा पहिलं बोंड आईच्या हाताने तोडलं जातं. तिच्याही बांगड्या फुटतात.

"उद्या अठरा," आजोबा म्हणाले. १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले ती तारीख. संप मागे घेतल्याचं कुणी सांगितलंच नाही, असं ते म्हणाले, भोंगा तेवढा वाजायचा बंद झाला. नंतर ते एका सोसायटीत वॉचमन होते. हे सांगताना आवाजात कडवटपणा नव्हता. पट्टी केलेली ती रुई मात्र त्यांनी परत गाठोड्यात टाकली नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवली.

तिथून जवळच, लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे. चिमणी तेवढी उभी ठेवलीय. बाबांना आत यायचं नव्हतं, पण मला वाटलं हेही दिसायला हवं. थंडगार हवेत एका दुकानात पांढरा सुती शर्ट टांगला होता, चिठ्ठीवर ३,४९९ रुपये. बाबांनी शर्ट हातावर तोलला. पाव किलो धरा. क्विंटलभर कापसातून रुई पडते चौतीस किलोच्या आसपास, म्हणजे पाव किलो रुईला पाऊण किलो कापूस. आमच्या भावाने चौपन्न रुपये. त्यांनी हिशोब दोनदा केला, बोटांच्या पेरांवर. विणणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे, दुकानाच्या भाड्याचे, विजेचे पैसे धरायलाच हवेत, ते मलाही कळतं. तरी चौपन्न हा आकडा मी विसरणार नाही.

आचार्य अत्रे चौकातून भुयारी मेट्रोने गिरगावला आलो. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची लाईन २०२५ मध्ये पुरी झाली, आणि एक-दोन दिवसांसाठी येणाऱ्याला तिच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. सगळीकडे सरकते जिने आणि लिफ्ट. बाबांचे गुडघे दुखतात, पण तिथे एकदाही बसावं लागलं नाही. वाटेत 'जगन्नाथ शंकर शेट' स्थानक लागलं. पहिली रेल्वे आणण्यात ज्यांचा हात होता त्या नानांचं नाव भुयारातल्या स्थानकाला दिलेलं बघून बरं वाटलं.

लॉजवर मात्र अडलं. बाबांचं आधार कार्ड घरी राहिलेलं, झेरॉक्स चालेना, आणि काउंटरवरचा माणूस म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवून नुसता नाही म्हणत राहिला. शेवटी भाच्याने फोनवर डिजिलॉकर कसं काढायचं ते सांगितलं, तेव्हा खोली मिळाली. घरून निघतानाच सगळ्यांची कार्डं मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

रविवार

साडेसहाला चौपाटीवर गेलो आणि रस्ताच बंद. जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉन! मला हे ध्यानातच नव्हतं. या रविवारी दक्षिण मुंबईत टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. आमचं मात्र नशीब उघडलं. गाड्यांशिवायचा मरीन ड्राइव्ह, एका बाजूला समुद्र धुरकट निळा आणि हजारो माणसं धावत येतायत. बाबांना आधी वाटलं काही झालं की काय. मग एक बाई रस्त्याकडेला संत्र्याच्या फोडी वाटत होत्या, त्यांनी एक फोड बाबांनाही दिली. बाबांनी ती खाल्ली, "आपल्याकडचीच हाये," म्हणाले आणि त्यांच्या शेजारी उभं राहून स्वतःही फोडी वाटायला लागले. अर्धा तास. धावणारी पोरं "थँक्यू काका" म्हणत जात होती.

ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. आमच्या तर्रीपुढे सौम्य, पण चव घरगुती. गर्दी असते, टेबल कुणाबरोबर तरी वाटून घ्यावं लागतं.

मग गावदेवीत लॅबर्नम रोडवर मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे उतरत. झाडांची शांत गल्ली, दोन मजले, वर त्यांची खोली आणि चरखे. कापूस पिंजायला ते इथेच शिकले, दारावरून रोज जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून. हे वाचून दाखवल्यावर बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. आमच्या गावात दिवाळीआधी पिंजारी यायचा. त्याच्या धनुष्याची तार टंग टंग वाजायची आणि सगळं अंगण पांढऱ्या धुळीने भरायचं. तो माणूस जेवायला आमच्याकडेच असायचा. बाबा त्या पिंजाऱ्याबद्दल बराच वेळ बोलले. तिथल्या ताईंनी ऐकलं आणि "काका, सावकाश बसा," म्हणाल्या.

दुपारी खोलीवर आडवे झालो. दोन दिवसांत एवढं फिरायचं तर दुपारची झोप सोडू नका.

चारला मेट्रोने हुतात्मा चौक. ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर बघितला, २८० फूट. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच कोसळलाही. त्याच काळातले कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या पैशातून हा मनोरा झाला आणि नाव दिलं आईचं. बाबा मान वर करून म्हणाले, "म्हंजे यात आपल्या पणज्याचंही काही असंल." असेलच. तेव्हाही आमच्याकडे कापूसच होता.

आणि चौकात हुतात्मा स्मारक. एवढी वर्षं फोटोत पाहिलं होतं, पण मशाल धरलेले ते दोघं कोण, याकडे लक्ष दिलं नव्हतं. एक शेतकरी, एक कामगार. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या १०६ जणांची आठवण. बाबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. बराच वेळ त्या दोघांकडे बघत राहिले, मग मला विचारलं, "काल ते लालबागचे भाऊ, त्यायचं नाव काय व्हतं?"

आम्ही विचारलंच नव्हतं.

हॉर्निमन सर्कलला, जिथे पूर्वी गाठी रचत, तिथे आता गोल बाग आहे. अंधार पडेपर्यंत बाकावर बसलो. रात्री स्टेशनसमोर 'आराम' नावाच्या हॉटेलात वडापाव, क्लोकरूममधून बॅगा, आणि फलाटावर पाऊण तास आधी. कोकणकन्या लागली. बाबांना खालचा बर्थ होता. त्यांनी मलमल उलगडली, धोतराच्या फडक्यावरून गाठोड्याला गुंडाळली आणि ते उशाला घेतलं. ठाणं यायच्या आत त्यांना झोप लागली होती.